दुसरी बाटली

सोमवार, ४ मार्च
तिसऱ्यांदा तेच! औषध दिलेल्या पेशींत एकही सूक्ष्मनलिका उभी नाही. बिनऔषधाच्या पेशींत मात्र हिरव्या रेषांचं जाळं, मधल्या केंद्रकापासून पार कडेपर्यंत. माझ्या गाइड मॅडम कधी कौतुक करत नाहीत, आज चक्क "छान" म्हणाल्या. शुक्रवारी समितीपुढे हेच दाखवायचं. चार वर्षांनी डिग्री टप्प्यात आली!

मंगळवार, ५ मार्च
आईला फोनवर समजावलं. सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीतल्या पोकळ नळ्या, प्रथिनाचे मणी जोडून झालेल्या. टोकाला मणी लागतात, सुटतात. नळी वाढते, आखडते. तिच्यावरून पेशीतला माल इकडून तिकडे जातो. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून वेगळी करतात त्याही याच. आमच्या औषधाने त्या मोडल्या की कॅन्सरची पेशी वाढायची थांबते. आई म्हणाली, म्हणजे प्लंबर झालीस की! हसले.

बुधवार, ६ मार्च
मेले मी!
रंगवण्याआधी पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या, दहा मिनिटं त्यातच ठेवायच्या. त्यासाठी एक बाटली कोमट करून ठेवते. आधी बिनऔषधाच्या थाळ्या, मग औषधाच्या — ही मॅडमची शिस्त. पहिल्या थाळ्या होईतो बाटली संपते. दुसरी थेट फ्रीजमधली! आज ती धरताना बोटं गारठली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थंडीत सूक्ष्मनलिका विरघळतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. तिन्ही वेळा मी अक्कल गहाण ठेवली होती.

गुरुवार, ७ मार्च
आज दोन्ही बाटल्या कोमट. औषधाच्या पेशी बघितल्या — सगळ्या नळ्या जागच्या जागी. औषध काहीच करत नाही.
मॅडमच्या दारापर्यंत चारदा जाऊन परत आले. पंधरा वर्षं त्या याच औषधाच्या मागे आहेत, कुठल्या तोंडाने सांगू? गप्प बसले तर कुणाला कळणार? पण उद्या एखाद्या आजारी माणसाला हेच टोचतील. नाही, सांगायचंच.

शुक्रवार, ८ मार्च
समितीपुढे जायच्या आधीच मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, दुसरी बाटली कुठून घेत होतीस? फ्रीजमधून, म्हटलं. त्या हळूच खुर्चीत बसल्या.
मग म्हणाल्या, "मीही तिथूनच घ्यायचे."