वर्तनात पंच्याण्णव टक्के सुधारणा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१५

प्राणायाम झाला. (अर्धा.)

काल चहाच्या वेळी मोनिकानं, म्हणजे सूनबाईनं, मोबाइलवरची जाहिरात वाचून दाखवली. सांजा रोडला विशेष मुलांचं नवं सेंटर निघालंय. त्यांना बिहेवियरल थेरपिस्ट पाहिजे. ती मैत्रिणीसाठी वाचत होती. मी अर्थ विचारला. मुलांचं वागणं समजून घेऊन सुधारणारा माणूस, म्हणाली.

मग ३३ वर्षं मी दुसरं काय केलं? माकणीच्या पलीकडं एका खेड्यातली शाळा. गणित आणि पी.टी. श्रीमंत सर (म्हणजे मी) आले म्हटलं की सातवीपर्यंतचे सगळे वर्ग चिडीचूप. रिटायर होऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत घरात मला एकच प्रश्न विचारला गेलाय, सिलेंडरवाला आला होता का.

निर्णय पक्का. अर्ज करणार. बायकोला, अयोध्याला, सांगितलं. तिनं पोहे हलवायचे थांबवून "तुम्ही?" एवढंच विचारलं. कौतुक करायची तिची हीच पद्धत आहे.

४ नोव्हेंबर

रेझ्युमे लिहून काढला. अकरा पानं. आजोबांपासून सुरुवात केली. मोनिकाला टाइप करायला दिला. ती म्हणाली, बाबा, रेझ्युमे एक पानाचा असतो. ३३ वर्षं एका पानात कशी बसवायची, ते इंटरनेटला विचार म्हटलं. तिनं विचारलं. इंटरनेटही एकच पान म्हणतंय.

आजोबा काढले. तालुक्याला लेझीममध्ये आलेला दुसरा नंबर काढायला मी तयार नव्हतो. जेवण झाल्यावर तोही काढला.

५ नोव्हेंबर. दुपारी

मोनिकानं समजावलं की नुसतं 'अनुभवी' लिहून चालत नाही. काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, तो आकड्यात द्यायचा. गणिताच्या मास्तरला हे शिकवायची गरज नव्हती. ताबडतोब सांगितलं, "विद्यार्थ्यांच्या वर्तनात ९५ टक्के सुधारणा."

पंच्याण्णव कसे काढले, तिनं विचारलं. शंभर लिहिलं तर बढाई वाटेल, म्हटलं.

वापरलेली साधनं या रकान्यात मी 'छडी' सांगितलं होतं. मोनिकानं टाइप करायला नकार दिला. तडजोड म्हणून 'तात्काळ प्रत्यक्ष फीडबॅक' लिहिलं. गुण या रकान्यात 'संयम'. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अयोध्याला खोकला आला. बराच वेळ चालला. हवा बदलतीय.

ओळख सांगणारी तीन नावं लागतात. जुने विद्यार्थी चालतील. माझ्याकडं तर हजार आहेत. उद्यापासून भेटायला सुरुवात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला आयुब. चौथीत डावखुरा होता. मी तीन महिने त्याचा डावा हात वर्गात रिबनीनं बांधून ठेवला आणि उजव्या हातानं लिहायला लावलं. केस क्रमांक एक, पूर्ण यशस्वी. आता त्याचं इथं धाराशिवातच टेलरिंगचं दुकान आहे.

गेलो तेव्हा कापड बेतत होता. डाव्या हातानं. सुरेख चालला होता हात, हे मान्य करावं लागेल. मला बघितलं, ताडकन उभा राहिला आणि कात्री उजव्या हातात घेतली. चहा सांगितला. तब्येत विचारली. मुलगा चांगला आहे. आता सदतीस वर्षांचा असेल.

मी दोन ओळी लिहून मागितल्या. उजव्या हातानं लिहायला बसला. 'सर चांगले होते.' एवढ्याला सात-आठ मिनिटं लागली, कपाळाला घाम आला. मीच म्हटलं, अरे, डाव्यानं लिही, काही हरकत नाही. तर म्हणाला, "न्हाय सर. तुमच्यासमोर न्हाय जमायचं."

म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतरही माझ्या नुसत्या उपस्थितीत वर्तन दुरुस्त होतं. मोनिकाला रेझ्युमेत घालायला सांगितलं, 'परिणाम दीर्घकालीन.' ती चिठ्ठी बराच वेळ बघत होती. अक्षर कुणाचं आहे, विचारलं. आयुबचं, म्हटलं. लहान मुलाचं वाटलं, म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

एसटीनं येडशीला. बलभीमचं स्टेशनजवळ चहा-भज्यांचं हॉटेल आहे. हा शाळेतून पळून जायचा. दर वेळी धरून आणून दुरुस्त केला. शेवटी पळणं कायमचं बंद झालं. (सहावीत शाळाच सोडली, पण तो वेगळा विषय.)

रस्ता ओलांडताना तो मला कढईपाशी दिसला होता. हॉटेलात पोचेपर्यंत नव्हता. त्याची बायको गजराबाई म्हणाली, बाजारला गेल्यात. मी थांबलो. भजी खाल्ली. पाऊण तास झाला. मागच्या दाराखालच्या फटीतून दोन पाय दिसत होते. एक पाय दुसऱ्या पायाला खाजवत होता.

मग गजराबाई आत जाऊन आली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "सर, तुमची गाडी किती वाजता हाय, ते विचारतेत."

कोण विचारतंय, हे मी विचारलं नाही. सव्वाची आहे म्हटलं आणि निघालो. बलभीम कामसू निघाला. रविवारीसुद्धा बाजार चुकवत नाही.

ॲसिडिटी.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४

शिवलीलाचा नंबर मिळाला. ही माझी सगळ्यात मोठी केस. पाचवीत होती. वर्गात एक शब्द बोलायची नाही. मी रोज बाकावर उभी करायचो, बोलशील तेव्हाच बसशील म्हणून. बाराव्या दिवशी बोलली! पूर्ण वाक्य. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. हा प्रसंग मी निरोप समारंभातसुद्धा सांगितला होता.

आता सोलापूरला एका ऑफिसात आहे. फोन लावला. ओळखलंस का विचारलं. ओळखलं, म्हणाली. मी रेझ्युमेचं सांगितलं, सेंटरचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी नेमकं काय बोलली होतीस, ते आठवत नाही बघ, तेवढं सांग, रेझ्युमेत टाकतो.

ती म्हणाली, "सर, मला बाहेर जाऊ द्या, असं म्हणाले होते."

मी म्हटलं, अस्सं.

ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, बघा, बोलली. आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मला सोडायचं राहूनच गेलं. टाळ्या चालू असतानाच झालं सर. बाकावरच."

मग तिनं ऑफिसात साहेब आलेत म्हणून सांगितलं. नाव द्यायचं तर द्या, म्हणाली. आवाजात राग नव्हता.

नेटवर्क खराब होतं. काही शब्द नीट ऐकू आले नाहीत.

१२ नोव्हेंबर

सगळे शब्द ऐकू आले होते.

प्राणायाम नाही.

१३ नोव्हेंबर

मोनिका विचारत होती, तिसरं नाव काय घालू. नंतर सांगतो म्हटलं. ९५ चे ९० करायला सांगितले. संध्याकाळी ७०. ती म्हणाली, बाबा, आकडा नक्की काय आहे? मला काय माहीत? हजार मुलं. एकेकाला बाकावरून उतरवून विचारायचं का?

रागावलो तिच्यावर. आवाज चढला. नातू हॉलमध्ये चित्र काढत होता, तो वही घेऊन आत निघून गेला. तो नेहमीच असा जातो. आतापर्यंत मला वाटायचं, त्याला आत उजेड चांगला मिळतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रेझ्युमे अर्ध्या पानाचा झाला. आकडा काढला. फीडबॅक काढला. 'परिणाम दीर्घकालीन' काढलं. 'संयम' मी न सांगताच मोनिकानं काढला होता. उरलं ते असं: नाव, गाव, डी.एड., ३३ वर्षं मुलांबरोबर होतो.

खाली एक ओळ मी घालायला लावली. 'काही गोष्टी चुकल्या, त्या आता समजून घ्यायच्या आहेत.' मोनिका म्हणाली, असं कोणी लिहीत नाही. पण पुसली नाही. तिनंच पाठवला.

काही व्हायचं नाही.

१७ नोव्हेंबर. सकाळी ११

बोलावलं! बुधवारी दहाला!

म्हणजे रेझ्युमे इफेक्टिव्हच होता. मी उगाच इतके दिवस मनाला लावून घेतलं. शेवटी अनुभव तो अनुभव. बुशशर्टला इस्त्री. केस काळे करावेत का? अयोध्या नको म्हणाली. केले.

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

मुलाखत चांगली झाली.

उम्मेहानी मॅडम म्हणून प्रमुख आहेत. तिशीच्या असतील. नम्र. खोलीत टेबलाखाली एक मुलगी बसली होती, अलिजा, सहा वर्षांची. मॅडम म्हणाल्या, खाऊची वेळ झालीय, हिला बाहेर आणायचं आहे, हात न लावता. तुम्ही काय कराल?

मी हसलो. "ये बाळा" म्हटलं. दोनदा. ती बघेना. मॅडम लिहीत होत्या. तिसऱ्या वेळी, खरं सांगतो, मी बोललोच नाही, आवाज आपोआप आला.

"उभी राहा!"

दाराशी बसलेला साद नावाचा क्लार्क उभा राहिला. मॅडमसुद्धा खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पोरगी मात्र आणखी आत सरकली आणि तिनं दोन्ही कानांवर हात घेतले. डोळे घट्ट मिटले. कोणाचा तरी मार आता येणार, अशी.

हा चेहरा मी पाहिलेला आहे. वर्गात रोजच असायचा. मी त्याला शिस्त म्हणायचो.

मग खाली बसलो. बसून दिसेना म्हणून टेबलाखाली गेलो. चुकलं, म्हटलं तिला. परत म्हटलं. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं एक कान उघडला. मग थोडी सरकली आणि मला पाय पसरायला जागा करून दिली.

मग खाऊचा डबा वाजला आणि ती माझ्या अंगावरून निघून गेली.

मला निघता येईना. कंबर धरली. सादनं आणि मॅडमनी टेबल उचलून बाजूला केलं, तेव्हा मी जमिनीवर तसाच बसलेला होतो, उघड्यावर. अलिजा राजगिऱ्याचा लाडू खात बघत होती.

मॅडमनी पाणी दिलं. या पोस्टला डिग्री आणि ट्रेनिंग लागतं, जाहिरातीत लिहिलं होतं, म्हणाल्या. मग का बोलावलं, विचारलं. बाकी सगळ्यांनी आपण काय दुरुस्त केलं तेवढंच लिहिलं होतं, म्हणाल्या. तुमची शेवटची ओळ वाचून भेटावंसं वाटलं. रिक्षापर्यंत सोडायला आल्या.

घरी आल्यावर मोनिकानं विचारलं. कळवतील, म्हटलं.

२० नोव्हेंबर. सकाळी

अयोध्याला सगळं सांगितलं. येडशीचं, सोलापूरचं, टेबलाचं. मध्ये एकदाही खोकली नाही.

सांगून झाल्यावर कुठं दुखतंय, विचारलं. कंबर, म्हटलं. तिनं बाम आणला, पालथं झोपा म्हणाली आणि बराच वेळ चोळून दिलं.

कंबर तेवढी दुखत नव्हती.