दूध म्हणजे मिल्क

नाटे, गुरुवार, मार्च १९२५

पटकीच्या साथीमुळे शाळा बंद आहे, म्हणून चार-पाच मुलांना देवळाच्या अंगणात लांब लांब बसवून शिकवतो. काल इंग्रजीतून खाण्याचे जिन्नस घेतले. मिल्क, एग, राइस. दुधाने अंगात ताकद येते, असंही सांगितलं. का सांगितलं? यांच्या घरी तर दोन्ही वेळा पेजच.

खलाशाची ठकी म्हणाली, "गुरुजी, आये उठत नाय. तिला मिल्क देऊ?"

"दे," मी म्हणालो. काय होतंय, कधीपासून, काहीच विचारलं नाही. धडा संपवायची घाई होती. ते 'दे' डोक्यातून जात नाही.

पोरीने शेजारची भांडी घासून वाटीभर दूध मिळवलं आणि आईला पाजलं. सगळं उलटून पडलं. आज दुपारी आई गेली; पटकीच होती. बाप गलबतावर, त्याला अजून खबरही नाही.

संध्याकाळी गेलो तर ठकी पायरीवर बसली होती.

"सगळा दूध तिलाच दिला, गुरुजी. मी चाखलासुद्धा नाय."

"तुझं काही चुकलं नाही, बाय."

"मग कोणाचा चुकला?"

'माझं' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.