नवसाला बोललेलं राज्य

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी सगळ्यांच्या तब्येती. ह्यांचा गुडघा — काल कुरकुरला, आज गप्प आहे. ऐश्वर्याची सर्दी गेली, म्हणजे आता जावईबापूंची पाळी. विनीतराव शिंकले की अख्खी डोंबिवली दचकते! नात सान्वी ठणठणीत, फक्त कॉलेजात डबा खात नाही. अलानांचा राजा बरा आहे. घोडे बरे. मिठागरं उत्तम.

राहिल्या विहीणबाई. ऐश्वर्या फोनवर म्हणाली, "आईंच्या छातीत जड वाटतंय. त्या म्हणतात गॅस आहे." चित्राताई आणि गॅस? त्या बाईचं जेवण म्हणजे चिमणीचं. मला काही ठीक वाटत नाही.

आणि तशातही दुपारी मोबाइलवर आमच्या खेळातली त्यांची चाल आली! "गॉथ ल्वार नदीच्या काठी उतरले आहेत. पूल सांभाळा, सगुणाताई."

४ नोव्हेंबर

आज खेळाच्या नकाशावरची धूळ पुसली. पुसता पुसता सगळं आठवलं.

सान्वी शाळेत होती तेव्हा मे महिन्यात तिला सांभाळायला आम्ही दोघी आज्या. एक दिवस तिने रोमचं साम्राज्य मोडल्यानंतरच्या युरोपचा नकाशा पसरला. "आज्यांनो, एकेक राज्य निवडा. बघू कोणाचं टिकतं!" चित्राताईंनी झटकन गॉथ उचलले. दांडगे म्हणून. मी उरलेल्यांत शोधलं. अलान! पार पूर्वेकडून घोड्यांवर आलेले लोक. जमिनीत तलवार रोवून तिलाच हात जोडायचे. मला आमच्या बांधावरचा शेंदूर फासलेला दगड आठवला. म्हटलं, हे आपलेच.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांतून, मोबाइलमधून आणि सान्वीचं डोकं खाऊन. वाचलं तेव्हा कळलं — अलानांचं राज्य टिकलंच नव्हतं. ऱ्हाईन नदी ओलांडली आणि भावकी फुटली. एकजण रोमकडे, दुसरा भलतीकडे. स्पेनात गेले त्यांना गॉथांनी कापलं, उरलेसुरले दुसऱ्यांच्या मागून आफ्रिकेत. फ्रान्समध्ये राहिले त्यांना ऑर्लेआँजवळ जमिनी मिळाल्या, आणि ते आमटीतल्या मिठासारखे विरघळले. चार गावांच्या नावांत तेवढे उरले. फार वाईट वाटलेलं. माझ्या बाबांच्या मिठागराचं नावही आता एका टॉवरच्या पाटीवरच आहे.

म्हणून मी टिकवलं! भावकी फुटू दिली नाही, ल्वारवरच्या पुलाशी ऑर्लेआँला राजधानी केली. आणि ल्वार समुद्राला मिळते तिथे मिठागरं बांधली. घोडेस्वार कितीही शूर असू दे, मीठ कुठून आणणार? बाबा सांगायचे, मीठ ज्याच्याकडे, त्याच्या दारात शत्रूसुद्धा येतो — टोपली घेऊन!

चिंचोके माझं सैन्य, कोटाची बटणं त्यांचं. दोघींच्या घरी एकेक नकाशा. नियम एकच, चित्राताईंचा: "दया दाखवायची नाही. मुद्दाम हरलात तर खेळ बंद, कायमचा."

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

दारात दिवे लावत होते तेव्हा फोन आला. गॅस नव्हताच. कल्याणच्या हॉस्पिटलात ठेवलंय. उद्या हृदयाचं ऑपरेशन. ऐश्वर्या रडत होती. मीही.

६ नोव्हेंबर

दिवसभर बाकावर. ऐश्वर्या, विनीतराव, सान्वी, हे आणि मी. चहा यायचा, निवायचा.

मनात नको ते येत होतं. ऐश्वर्याच्या लग्नातली साडी आठवली. वरमाईसाठी मी कोपरीच्या बाजारात पाय तुटेपर्यंत हिंडून मोरपंखी साडी आणलेली. चित्राताई म्हणाल्या, "रंग माझा नाही," आणि खुर्चीवर ठेवून गेल्या. मी मुलीकडची. काय बोलणार? हसले. ते हसू गालावर किती वर्षं वाळत राहिलं. पुढे राग ओसरला, पण साडीचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "थोडं लांबतंय." एवढंच! मी डोळे मिटले. एकवीरा आईला काय बोलायचं ते सुचेना — कोंबडा नाही, ओटी नाही. तोंडातून निघालं, "आई, माझी विहीण उठू दे. माझं राज्य सोडते. यापुढे ते माझं राहणार नाही!"

मोठ्याने बोलले असणार. शेजारच्या बाईंनी पाय आक्रसून घेतले आणि माझ्याकडे बघत बसल्या — ही कुठली राणी?

७ नोव्हेंबर

शुद्धीवर आल्या. विनीतरावांना पहिलं वाक्य — "दाढी कर." सुटले बाई!

९ नोव्हेंबर

आज पोटभर जेवले. झोपही लागली. आणि उठल्या उठल्या नवस आठवला.

काय बोलून बसले मी! साडीचोळी बोलले असते तर कालच फेडली असती. ह्यांना सांगितलं. हे खो-खो हसले. "बोललीस ना गो? मंग फेडायला पायजे!" म्हटलं, अहो, मुद्दाम हरले तर खेळ कायमचा बंद. "मंग नको फेडू." आणि एकवीरा आईने मनावर घेतलं तर? टाके अजून ओले आहेत त्यांचे.

इकडे आड, तिकडे विहीर. हरायचं, पण हरलेलं कळू द्यायचं नाही.

११ नोव्हेंबर

भेटून आले. केवढ्याशा झाल्यात! पण जीभ तीच. मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "या. मेले असते तर तुमचं ऑर्लेआँ वाचलं असतं, नाही?"

"असलं अभद्र बोलू नका हो!"

"तुमची चाल आहे, विसरलेले नाही मी. त्यांनी हृदय उघडलं, डोकं नाही."

नर्स ओरडली, पेशंटला बोलायला लावू नका म्हणून. लावतंय कोण! निघताना त्यांनी माझा हात धरला. धरूनच ठेवला. मग म्हणाल्या, "पूल सांभाळा."

१२ नोव्हेंबर

केलं. सगळे चिंचोके उचलून पश्चिमेला नेले. चाल कळवली — "मिठागरांवर दरोडे पडताहेत, घोडदळ तिकडे निघालं." पुलावर चिटपाखरू नाही. आता त्यांनी बटणं पुढे सरकवायची, की राज्य संपलं.

नकाशाकडे बघवेना. वर ताट झाकून ठेवलं.

१३ नोव्हेंबर

भांडं फुटलं! सान्वीचा फोन. "कोलशेतची आजी, हे काय केलंस यार! डोंबिवलीची आजी सॉलिड भडकलीये. म्हणते, सगुणाताई आणि पूल उघडा? त्यांचं डोकं तपासून घ्या."

त्यात ह्यांनी सकाळीच विनीतरावांना नवसाची गंमत म्हणून सांगितलेली. विनीतरावांनी आईला. झालं! ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"मग काय म्हणाल्या गं?"

"भिंतीकडे तोंड करून झोपली. मग मला म्हणाली, नकाशा आणून दे."

दया दाखवली म्हणून खेळ मोडणार त्या. मोडू दे. बाई जिवंत आहे, नकाशा मागते आहे — मला आणखी काय हवं? असं म्हणते खरी. दिवसभर फोन हातातून सुटला नाही.

१४ नोव्हेंबर

चाल आली. जशीच्या तशी उतरवते.

"विहीणबाई, तुमच्या उघड्या पुलावरून सैन्य येत नाही, वऱ्हाड येतं आहे. आमच्या गॉथ राजाची मुलगी तुमच्या अलान राजाला दिली."

राज्यात सून येते आहे! चाव्या आता तिच्या कमरेला. म्हणजे राज्य टिकलं — आणि माझं राहिलं नाही. एकवीरा आई, फिटला गं नवस!

डोळे पुसून परत वाचलं, तर खाली आणखी दोन ओळी होत्या.

"या वेळी मुलीकडची मी आहे. वरमाईची साडी कुठल्या रंगाची आणू, ते लवकर लिहून पाठवा."