मानेचा पट्टा

अहो,

मान वाकत नाही, तेव्हा नमस्कार ताठ मानेनेच करते.

उपचार नीट चालू आहेत आणि दादाकडे माझी आबाळ नाही. मानेतली नस दबली आहे, तुटलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हातातल्या मुंग्या कमी झाल्या आहेत. ब्लाउजची बटणं आता माझी मी लावते. परवा हातातून कप सुटला, पण तो रिकामा होता.

वहिनी वेणी घालून देते. तुमच्यासारखी सैल तिला जमत नाही.

वेळेवर जेवता ना?

निघताना मी वळून पाहिलं नाही हे तुम्ही मनाला लावून घेतलंत, असं आपली धाकटी फोनवर म्हणाली. अहो, मानेला पट्टा होता! ड्रायव्हरला आरसा तिरका करायला लावून मी कोपऱ्यापर्यंत तुम्हालाच पाहत होते.

तुमचीच