दोन दारांचा मांडव

४ फेब्रुवारी २००३

नागपूरची एक पोरगी आली. मांडव पाहिजे म्हणाली. म्हटलं, लग्न कोणाचं? कोणाचंच नाही. मग तेरवी? तीही कोणाची नाही. म्हटलं, मग बाई, चुकून आलीस, बँक पलीकडे आहे.

हसली. नाव इला. नाटकं बसवते म्हणे. पण या नाटकाला गोष्ट नाही, पात्रं नाहीत, पडदा नाही. मग उरलं काय? “लोक, मावशी. आणि तुमचा मांडव.”

बाजाराच्या मैदानात अर्धा मांडव लग्नाचा, अर्धा तेरवीचा. लाल झालर संपते तिथं पांढरं कापड शिवायचं. एका दारानं शिरायचं, दुसऱ्यानं बाहेर पडायचं. संपलं नाटक! वाचनालयातून इतकी पुस्तकं आणली, असलं कुठं वाचलं नाही. पण मी तरी काय मोठी वाचणारी? लग्नपत्रिकांवर अक्षरं शिकलेली बाई. ‘आमचे येथे’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द.

हो म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

५ फेब्रुवारी

हिरालाल दिवसभर फुगलेला. यांच्याबरोबर वीस वर्षं बांबू बांधले त्यानं. हे गेले, तो राहिला.

“वैनी, भाऊ पांढरं न् रंगीत एका पेटीत बी ठेवू देत नव्हते. तुमी शिवाले निंगाल्या!”

“मी नाही, ती पोरगी शिवणार.”

“मंग सुई मोडन तिची.”

सुई मोडली नाही. इलाच्या बोटाला मात्र तीनदा टोचली. हिरालाल संध्याकाळी गाणं म्हणत घरी गेला.

८ फेब्रुवारी

पाटीचा घोळ! लाल दारावर इलानं नवरा-नवरीची मनची नावं लिहिली. कोणाला काही वाटलं नाही. पांढऱ्या दारावर ‘कै.’ लिहून थांबली. खडू हिरालालच्या हातात दिला, म्हणे, कोणतंही लिहा.

हिरालालनं खडू खाली ठेवला. “कोनतंई कसं लिहाचं? त्या नावाचा मानूस कुठं ना कुठं जित्ता राह्यते ना!”

“मग गेलेल्या कोणाचं लिहू.”

“कोनाच्या घरचं? मारते लोकं!”

मग दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी झाडू घेतला आणि झाडलेलं मैदान पुन्हा झाडलं.

९ फेब्रुवारी

यांची तेरवी बिनमांडवाची झाली. २७ मे ९४. आमचा मांडव त्या दिवशी हिंगणीला लग्नात होता. यांनीच जायच्या आधी घेतलेलं लग्न, दिलेला शब्द. माणसं उन्हात जेवली. पत्रावळी तापल्या होत्या. गावाला सावली देणारा माणूस, असं लोक अजून म्हणतात आणि पुढचं माझ्याकडे बघून गिळतात. धुरपताबाई गिळत नाहीत. थोरल्या जाऊबाई आहेत, गिळायची सवय नाही.

आज आल्याच. “काऊन वो अनुसया, तवा मांडव दुसऱ्याच्या लग्नात, आता त्याचं नाव नाटकात? सोंग करून राह्यली काय?”

“नाव दिलं नाही अजून.”

“देऊ बी नोको.”

चहा केला. प्यायल्या. साखर कमी म्हणाल्या.

दिलं तर यांचं सोंग केल्यासारखं. नाही दिलं तर पोरीचा खेळ अर्धा. परवा प्रयोग. आणि मला — लिहूनच टाकते — यांचं नाव एकदा मांडवावर बघायचं आहे.

१० फेब्रुवारी

पाटी मीच लिहिली. ‘कै. नरहरराव मांडववाले.’ अक्षर बरं आलं.

११ फेब्रुवारी

इलाला वाटलं होतं, पन्नासेक माणसं येतील, हळूहळू चालतील, विचार करतील. आमच्या सेलू गावानं मांडव पाहिला आणि सेलू जेवायला आलं!

लाल दारानं बाया खण-नारळ घेऊन. “नवरी कुठी आहे?” नवरी नाही म्हटल्यावर — “पळाली काय वो?” पांढऱ्या दारानं माणसं खांद्यावर दुपट्टा, तोंड पाडून. शिवणीपाशी दोघांची गाठ! हसत आलेले गप्प, रडवेले आलेले नारळाकडे बघत उभे. मग सगळे रांगेनं मांडी घालून बसले.

इलानं माझा दंडच धरला. “मावशी, लोक सहभागी होताहेत!”

“सहभागी नाही बाई. पंगत बसली. आता वाढ!”

तिचा चेहरा! हिरालालनं गोदामातली पातेली, मोठे गंज काढले. तांदूळ घरचे, वांगे आणायला माणूस पळाला. दोन तासांत आलू-वांगं आणि भात. तोवर कोणी उठलं नाही. इला वाढता वाढता एकेकाला विचारत होती, “काय जाणवलं तुम्हाला?” एक म्हातारा म्हणाला, “मीठ कमी.”

जेवता जेवता माणसं यांच्याबद्दल बोलायला लागली. एकाच्या लग्नात वावटळ आली, तर हे मधल्या खांबाला मिठी मारून मंगलाष्टकं संपेपर्यंत उभे. मागून कोणीतरी यांच्यावरच अक्षता टाकल्या! दुसऱ्याच्या लग्नात नवरदेव रुसून बसला. हे म्हणाले, बसा आरामात, मी तोवर मांडव सोडतो. दोरी हातात घेतली तसा नवरदेव उठला. मला हे काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन हे फक्त ‘झालं बरं’ एवढंच म्हणायचे. पोट धरून हसले मी. मग गंजामागं जाऊन डोळे पुसले.

धुरपताबाई शेवटच्या पंगतीला आल्या. पांढऱ्या दारानं. जेवल्या, वर कापडाकडे बघितलं. “सावली चांगली पडली वो.” हात धुताना जवळ येऊन म्हणाल्या, “तवा तू त्याचा शब्द पाळला. मीच उगा बोल लावत होती तुले.”

मी त्यांच्या हातावर पाणी घालत राहिले.

१२ फेब्रुवारी

मांडव उतरवला. शिवण हिरालालनंच उसवली, दाताने! इला जाताना पाया पडली. म्हणाली, असा प्रयोग कुठंच झाला नसेल. म्हटलं, आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतो.

१३ फेब्रुवारी

शब्दबिब काही पाळला नव्हता मी. हिंगणीचे लोक तेरवीआधी स्वतः आले होते — “अनुसयाबाई, आमचं राहू द्या, मांडव इथं लावा.” मीच म्हटलं, घेऊन जा. यांचा मांडव माझ्या दारात, आणि बांधणारा दुसरा कोणी. ते मला बघायचं नव्हतं.