तीन भग्न खांब

२ मार्च
ठरलं. या वर्षीच्या प्रदर्शनासाठीचं प्रिंट: नदी, टेकडी आणि पुरातन देवळाचे तीन भग्न खांब. तांब्याच्या पत्र्यावर. खांब म्हणजे वैभव, पडझड म्हणजे काळ, गवत म्हणजे निसर्गाचा विजय. प्रदर्शनवाले घेणार नाहीत तर जातील कुठे? महिनाअखेर मुलगी आणि नात कायमच्या राहायला येताहेत. त्यांना खोली हवी, आणि खोलीत माझं छपाईचं मशीन. बायको म्हणाली, चित्र निवडलं गेलं तर मशीन राहील, नाही तर बाहेर. लगेच हो म्हणालो. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

३ मार्च, सकाळी साडेनऊ
उठलो.

७ मार्च
आसपास एकही भग्न खांब नाही. शेवटी दातांच्या दवाखान्यासमोर उभा राहून तिथले प्लास्टरचे खांब वहीत उतरवले. नवेकोरे, म्हणून घरी येऊन मोडले. कागदावर. डॉक्टरांना वाटलं, मला आत यायची भीती वाटतेय. बराच वेळ हात करत होते.

११ मार्च
बायको रेखाटन बघून म्हणाली, इथे राहतं कोण? म्हटलं, कोणी नाही, हे प्रतीक आहे. तर म्हणाली, निदान एखादी बाई कपडे वाळत घालताना दाखवा, जरा घरासारखं वाटेल. गाढवाला गुळाची चव काय! हे मनात म्हटलं.

१६ मार्च, दुपारी
रेखाटन पत्र्यावर कोरून पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडला. अ‍ॅसिड रेघा खातं. जेवढा जास्त वेळ ठेवाल तेवढी रेघ खोल. थोड्या वेळात बाहेर काढायचा नियम आहे. पण नियम इतरांना. माझा विषयच काळ आहे, तर काळाला पोटभर खाऊ द्यावं. खांब आणखी भग्न होतील. तोवर जरा पडतो.

संध्याकाळी
जरा जास्तच पडलो. खांब गेले, गवत गेलं, टेकडीही गेली. छापून पाहिलं तर नुसता मळकट धब्बा. नवा पत्रा करायला वेळ नाही. तसं म्हटलं तर ही भग्नतेचीही भग्नता. असं अजून कोणी केलेलं नसणार.

१८ मार्च
डावा कोपरा ओका वाटत होता. सुईने एक बाई कोरली. दोरी, दोन चादरी. कल्पना सर्वस्वी माझी. बायकोला न दाखवताच छापून प्रदर्शनाला पाठवलं.

२६ मार्च
प्रदर्शनाच्या ऑफिसातून फोन. तिथल्या मॅडम म्हणाल्या, कपडे वाळत घालणारी फार गोड आहे, पण तिच्यामागे आग लागली आहे का? निवड नाही. मी प्रतीक सविस्तर समजावलं. मग कळलं, फोन केव्हाच कट झालाय. बायकोला सांगितलं. तिने चहा करून दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च
मशीन मागच्या अंगणात. तात्पुरतं. मुलगी म्हणाली, बाबा, राहू दे की, आम्ही हॉलमध्ये झोपू. म्हटलं, छे, मोकळ्या हवेत छपाई उलट चांगली होते. शेड येत्या रविवारी नक्की.

२२ एप्रिल
शेड अजून नाही. मशीनच्या पायाशी सांडपाण्यावर वाढलेलं गवत गुडघाभर, चाकाला गंज. बायकोने चाकापासून लिंबाच्या झाडापर्यंत दोरी बांधली आहे. नातीचे फ्रॉक वाळत घालत होती. बराच वेळ खिडकीतून बघत बसलो. वैभव, काळ, निसर्गाचा विजय, सगळं जागच्या जागी. नातीने विचारलं, आजोबा, ते काय आहे? सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको बाहेरून म्हणाली, नुसते बसलाच आहात तर चिमटे आणून द्या.

दिले.