बोगादी रस्त्यावर, स्पीड वीस

२४ सप्टेंबर
आमच्या बोगादीचा अर्धा रस्ता खणून काँक्रीटचा करताहेत. सूनबाई हरिणीनं जाहीर केलं: दसऱ्याच्या सुट्टीत गाडी तिथून नीट ने-आण केलीत, तर शाळा उघडल्यावर नव्याला तुम्हीच सोडा. नाहीतर व्हॅन. नात माझी, गाडी माझी आणि परीक्षाही माझीच! असो. एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय. रस्ते मला कळतात.
नियम: स्पीड वीस. प्रत्येक बोर्ड वाचणे.

२५ सप्टेंबर, सकाळी ९
स्पीड वीस. मागच्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली. प्लास्टिकचा एक कोन आडवा झाला. तो मुळातच डळमळीत होता. धरत नाही.

२७ सप्टेंबर
लाल झेंडीवाली सिंधू 'निल्सी, निल्सी' ओरडते. थांबलो. हिरवी दाखवल्यावरही जरा थांबलो, खबरदारी म्हणून. नागरत्ना म्हणाली, चालत गेले असते तर एव्हाना घरी भाजी चिरून झाली असती. बायकोला ड्रायव्हिंगमधलं काही कळत नाही. तिच्याकडे लायसन्स आहे, ते सोडा.

२९ सप्टेंबर
आणखी दोन कोन. वारा होता. बंपरवर नारिंगी रंग कसला, हरिणीनं विचारलं. सणाची सजावट, म्हणालो.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
गाडी धुतली, हार घातला, चाकांखाली लिंबं चिरडली. एकटाच फेरी मारायला निघालो.
आणि बघतो तर काँक्रीटच्या नव्या रस्त्याच्या तोंडाशी दोन्हीकडे केळीचे खुंट, मध्ये झेंडूची जाड माळ, खाली फोडलेला कोहळा. उद्घाटन! पहिली गाडी आपली! माळ अंगावर घेत आत शिरलो. स्पीड वीस.

दुपारी
उद्घाटन नव्हतं. मजुरांनी त्यांच्या मिक्सरची आणि बोर्डाची पूजा केली होती. माळेखाली 'रस्ता बंद' लिहिलं होतं. माळ बाजूला करून वाचायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. काँक्रीट पहाटेचं. चाकं अर्धी आत. सिंधू प्रसाद वाटायचा सोडून धावली. क्रेननं ओढलं. क्रेनलाही हार होता.

८ ऑक्टोबर, सकाळी ८.१०
शाळा उघडली. नव्या दप्तर घेऊन माझ्या शेजारी बसली, स्वतःहून बेल्ट लावला. अज्जा, नीट समोर बघा, म्हणाली. मला फार भरून आलं. दोनदा हॉर्न वाजवू दिला. दहा मिनिटांनी आमच्या फाटकाशी व्हॅन आली, ती गाडीतून उतरून व्हॅनमध्ये बसली.
किल्ली हरिणीच्या पर्समध्ये असते.